पाय टेकेल अशी गाडी

धानोरा-कुरखेड्याकडे माणसं कशाला जातात? कोणी बदली झाली म्हणून कपाळाला हात लावून जातं, कोणी लग्नाला, कोणी डिंक-चारोळीच्या सौद्याला. मी गेलो फटफटी शोधायला. तीही कशी, तर जिच्यावर बसलं की माझे पाय जमिनीला लागतील अशी. हसू आलं असेल तर हसून घ्या. आमच्या घरी सगळ्यांचं हसून झालंय.

माझी उंची पाच फुटाला एक इंच कमी. रेहाना, म्हणजे माझी बायको, दोन इंच कमी म्हणते. पण तिनं हे निकाहाच्या आधी मोजायला पाहिजे होतं. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा, गाव बल्लारपूर. तिथे पेपर मिलच्या भोंग्यावर सारं गाव उठतं आणि जेवतं, आणि घरोघरी बाया ब्लाउज-फ्रॉक शिवतात. त्यातल्या निम्म्या मशिनी माझ्या हाताखालून गेल्यात. गावात फिरायला सायकल पुरायची. लांब जायचं तर रेल्वे नाहीतर एसटी, आणि डोक्यावर अवजारांची पेटी.

नव्व्याण्णव सालचा मार्च होता. गडचिरोली जिल्ह्यात नऊ गावांत बायकांचे शिवणवर्ग चालायचे, त्यांच्या प्रमुख उसेंडी बाई. चांगल्या उंचपुऱ्या, आणि बोलणं रोखठोक. शनिवारी मला चंद्रपूरला बोलावलं आणि म्हणाल्या, "नसीरभाऊ, काम तुमचं चोख हाय म्हणतात. पण गावं जंगलातली हायेत. मशीन अडली का बाया दिवसभर हातावर हात धरून बसून राह्यतात. निरोप आला का त्याच दिवशी पोचलं पाह्यजे. गाडी हाय का तुमच्यापाशी?"

"आहे ना बाई," मी म्हणालो.

नव्हती. आयुष्यात कधी नव्हती. मेहुण्याची, जब्बारची, गाडी रिकाम्या मैदानात चालवून शिकलो होतो, तेवढंच. पण वर्षभराचं बांधलेलं काम समोर दिसत होतं, आणि तोंडातून निघून गेलं.

"मंग गुरुवारी धानोऱ्याच्या वर्गावर गाडी घेऊनच या," बाई म्हणाल्या. "नाई आले तं वडशाचा एक मेकॅनिक हाय, त्याच्यापाशी गाडी हाय. काम त्याले देते."

झालं. शनिवार ते गुरुवार, एवढ्यात मला खोट्याचं खरं करायचं होतं.

सोमवार, चंद्रपूर

जब्बार म्हणजे रेहानाचा धाकटा भाऊ. उंची सहा फूट. कोळसा खाणीत डंपर चालवतो, आणि चार दिवस रजा काढून मला त्याच्या गाडीवर मागं बसवून न्यायला तयार झाला. घरात आमची हिंदी, बाजारात मराठी, भांडणात दोन्ही. तो मला दुल्हेभाई म्हणतो, पण अशा सुरात की जणू बोट धरून शाळेत सोडायला निघालाय. "दुल्हेभाई, पकडके बैठो," असं त्यानं त्या चार दिवसांत किती वेळा म्हटलं त्याला हिशेब नाही.

चंद्रपूरच्या दुकानात शिरलो तर दुकानदार थेट जब्बारपाशी गेला. सगळी माहिती त्यालाच. मी मध्ये बोललो, "गाडी मला घ्यायची आहे," तेव्हा त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत पाहायला त्याला फार वेळ लागला नाही. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "असं का? मग इकडं या, मोपेड दाखवतो. लेडीज लोक फार घेऊन राह्यले."

डोकं असं फिरलं की काय सांगू! मोपेड वाईट नाही, पण चाळीस किलोची पेटी मागं बांधून नाल्याच्या रेतीतून ती कशी निघणार? मी म्हटलं मोठी दाखव. शंभर सीसीची नवी कोरी होती, तिच्यावर चढलो. हो, चढलोच. डावा पाय टेकवावा तर उजवा हवेत, उजवा टेकवावा तर डावा हवेत, आणि अर्धा माणूस गादीच्या बाहेर. तिथे मला पहिल्यांदा एक गोष्ट कळली. गादी किती उंच हे सगळे सांगतात, पण ती रुंद किती हे कोणी सांगत नाही. रुंद गादीवर मांड्या फाकतात आणि होता तेवढा पायही आखूड होतो.

"थोडे जाड तळव्याचे बूट घाला," दुकानदार म्हणाला. मी उतरलो. म्हणजे जब्बारनं गाडी धरली, मग उतरलो.

मंगळवार, मूल आणि गडचिरोली

मूलकडे निघालं की कोळशाची काळी धूळ मागं राहते आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. मार्चात त्या रिकाम्या, फक्त खुंट आणि बगळे. आम्ही सावजींच्या एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी तिखट की जब्बारच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि सोमवारपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मूलला एकाकडे जुनी गाडी होती, दणकट, लोखंडच लोखंड. मी तिचं नाव म्हैस ठेवलं. उंचीला बरी होती, पंजे टेकत होते. मालक म्हणाला, "बसा, घ्या चक्कर." मी बसलो आणि ती जराशी डावीकडं कलली. जराशीच! पण ते वजन एकदा निघालं की पाच फुटाच्या आतल्या माणसाचं काय ऐकणार? मी आणि म्हैस शांतपणे, काही घाई न करता, आडवे झालो. तिला उचलायला तीन माणसं लागली. मला उचलायला एकटा जब्बार पुरला, आणि त्यानं ते सगळ्यांसमोर केलं. दुसरी गोष्ट कळली ती ही, की पाय टेकणं वेगळं आणि गाडी तोलणं वेगळं.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत आलो तेव्हा तोंड पाडून बसलो होतो. चौकातल्या चहावाल्यानं विचारलं, "काऊन भाऊ, कोनी गेलं का?" जब्बारनं त्याला सारी कथा सांगितली, हातवारे करून, म्हशीसकट. टपरीवरचे सगळे हसले. चहावाला मात्र माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "कुरखेड्याले डोमाजी भाऊ हाय. जंगलचा माल गोळा करत फिरे. त्याले गाडी विकाची हाय. तो तं तुमच्याहूनबी बुटका हाय!"

मी उठून उभाच राहिलो. माझ्याहून बुटका, आणि गाडी चालवणारा! म्हणजे त्याची गाडी माझ्यासाठीच बनली असणार. हा हिशेब मी एकदाही तपासून पाहिला नाही.

बुधवार, कुरखेडा

कुरखेड्याचा रस्ता सकाळी बघावा. मोह गळायचे दिवस होते. झाडाखाली जागा झाडून साफ केलेली, आणि बाया टोपल्या घेऊन पिवळी टपोरी फुलं वेचत होत्या. सगळ्या रानाला गोडसर वास. आमच्याकडे भोंगा वाजला की दिवस सुरू होतो, इथे मोह पडला की. पहाटे उशीर झाला तर गुरं-हरणं खाऊन जातात, त्यामुळे लहान-मोठे सगळे रानात.

डोमाजी भाऊंचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं. ते बाहेर आले आणि मी खुश झालो. पासष्टीचा, धोतर-बंडीतला माणूस, आणि माझ्या कानापर्यंत. मोठ्या माणसाशी खाली पाहून बोलायचा माझा तो पहिलाच प्रसंग. नजर कमजोर झाली म्हणून त्यांनी गाडी सोडली होती.

"माही गाडी लय गुणाची हाय," म्हणत त्यांनी ताडपत्री ओढली.

गाडी गुणाची होती, हे मेकॅनिक म्हणून सांगतो. टू-स्ट्रोक, वजनानं हलकी, गादी अरुंद, आवाज स्वच्छ. पण उंच! माझ्या बरगड्यांना लागत होती.

"भाऊ, तुम्ही हिच्यावर बसायचे कसे?"

"बसून पाहा ना. काही नाई होत."

गाडी ओट्याला लागून उभी होती. मी बसलो, डावा पाय खाली सोडला आणि तो मस्तपैकी सपाट टेकला. टाच आणि चवडा दोन्ही. "जब्बार!" मी ओरडलो, "देख! पाय टेकला!" किक मारली, पहिल्यात सुरू. गल्लीतून निघालो, पाटलाच्या विहिरीला वळसा घातला, दोन पोट्ट्यांना हॉर्न दिला, राजासारखा. मग तणसाच्या, धानाच्या वाळल्या काडाच्या, ढिगापाशी एक म्हैस आडवी आली. ही खरीखुरी. मी ब्रेक मारला, डावा पाय खाली सोडला, आणि खाली काहीच नव्हतं.

तणस मऊ असतं, एवढीच काय ती मेहरबानी. बाहेर निघालो तेव्हा दाढीत, कानात, शर्टात तणस. म्हैस निघून गेली होती. जब्बार ओट्यावर पोट धरून बसला होता.

डोमाजी भाऊ हळूहळू चालत आले आणि काळजीनं म्हणाले, "पन तुमी तिथी थांबले काऊन?"

"म्हैस आली ना आडवी!"

"थांबाचं तं ओट्यापाशी थांबाचं. नाई तं दगडापाशी. भलतीकडं काऊन थांबता?"

कोणता दगड? त्यांनी दाखवला. पाण्याच्या टाकीजवळ एक चपटा दगड. शाळेच्या फाटकाशी एक. सोसायटीच्या पायरीला लागून एक. बारा वर्षं डोमाजी भाऊ या गाडीवर हिरडा-डिंक-चारोळी गोळा करत पंधरा गावं फिरले, आणि जिथे थांबायचं तिथे डाव्या पायाखाली येईल असा दगड ठेवून आले. मध्ये थांबायचंच नाही. नाल्याला दगड, नाक्याला दगड, चहाच्या टपरीला दगड. गाडी बुटक्या माणसाची नव्हतीच. रस्ता बुटक्या माणसाचा होता!

"गाडीसंगं दगडबी तुमचेच," ते मोठ्या मनानं म्हणाले. "धानोऱ्याच्या वाटेवर तीन हायेत."

मी चिडलो. खरं सांगतो, त्या म्हाताऱ्यावर नाही, स्वतःवरच. उद्या गुरुवार. जन्मभर कोणी स्टूल पुढं केलं तरी मी घेतलं नाही. रेल्वेत वरच्या फळीवर सामान ठेवायला कोणी हात दिला तर मी त्याचा हात झटकला. आणि आता दगडादगडावर उड्या मारत नऊ गावं हिंडू? मी म्हटलं, "नको. वडशाच्या मेकॅनिकलाच मिळू दे काम," आणि ओट्यावर फुगून बसलो.

जेवायला मात्र बसलोच, कारण डोमाजी भाऊंची सून सुनंदा हिनं ताट पुढं ठेवलं होतं. भात, लाखोळीची डाळ, वांगी-वालाची भाजी, आणि वाटीत तिळासोबत शिजवलेली मोहफुलं. मी जब्बारकडे पाहिलं, जब्बारनं माझ्याकडे. "यानं चढत तर नाही ना?" मी हळूच विचारलं. सुनंदा हसून हसून लोळायची बाकी राहिली. "फुलं हायेत भाऊ. पोरंसोरं खातात." चव मनुकांची, वास जंगलाचा. जब्बारनं तीनदा मागून घेतली.

जेवण झालं आणि आतल्या खोलीतून मशीन चालल्याचा आवाज आला. खर्र, खट, खर्र. मी फुगलेला होतो, पण कान फुगलेले नव्हते. पेटी घेऊन उठलो. सुनंदा पायाच्या मशिनीवर बसली होती. तीही ठेंगणीच. खालच्या लोखंडी जाळीवर पाय पोचावा म्हणून खुर्चीच्या अगदी टोकावर, चवड्यावर जोर देत.

"पाठ दुखत असेल," मी म्हटलं.

"लय दुखते. पन मशीन उंच हाय, काय करता?"

हे मला काय नवीन आहे? बल्लारपुरात अशा कितीतरी बाया. मी शटल साफ केलं, तेल दिलं, पट्टा आवळला. मग लाकडाचा एक पातळ ठोकळा घेऊन जाळीवर स्क्रूनं पक्का बसवला. दहा मिनिटांचं काम. सुनंदा खुर्चीवर मागं सरून बसली, पाय सपाट ठेवला, आणि मशीन सरसर चालली. तिचा चेहरा असा खुलला की माझा राग निम्मा तिथेच गेला.

एक शिवण संपवून ती थांबली. "भाऊ, एक विचारू? माह्या पायासाठी तुमी मशीन वर आनली. मंग तुमच्या पायासाठी गाडी खाली काऊन नाई आनत?"

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पायांच्या मापानं मशिनी करून देतोय, आणि एकाही बाईला म्हटलं नाही की बाई, तुम्ही कमी आहात. मशीनच करायची असते. स्वतःच्या बाबतीत मात्र तीन दिवस मी एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडं अपमान करून घेत फिरत होतो. लाज वाटली, आणि लगेच हातही शिवशिवायला लागले.

"जब्बार! चौदा-पंधराचा पाना काढ!"

आधी डोमाजी भाऊंच्या हातात गाडीचे पैसे मोजले, मग दुपारभर कामच चाललं. गादी काढली, रेक्झिन उसवलं, आतला फोम कानशीनं घासून दोन बोटं कमी केला. कडेचा जास्त घासला, म्हणजे मांड्या फाकू नयेत. मागच्या स्प्रिंगांची कडी सगळ्यात मऊ खाचेवर आणली. पुढचे रॉड बोटभर वर सरकवले, म्हणजे गाडीचं तोंड तेवढं खाली आलं. रेक्झिन पुन्हा शिवायला सुनंदाच बसली, अठरा नंबरची जाड सुई लावून, तिच्या त्याच मशिनीवर. डोमाजी भाऊ खाटेवरून देखरेख करत होते. मध्येच म्हणायचे, "माह्या वक्ती कोनी काऊन नाई केलं बाप्पा?"

सगळं झाल्यावर मी गाडी ऐटीत साईड स्टँडवर लावली आणि दोन पावलं मागं सरून बघितली. गाडीनंही मला बघितलं, आणि सावकाश दुसऱ्या बाजूला पडली, जब्बारच्या पायावर. गाडी खाली आली पण स्टँड होता तेवढाच राहिला, म्हणजे आता तो लांब झाला. वीस वर्षांचा मेकॅनिक, आणि हे सुचलं नाही! वेल्डिंगवाल्याकडून स्टँड बोटभर कापून आणला. जब्बार लंगडत होता. म्हणाला, "दुल्हेभाई, अब तो हंसो." हसलो. फार हसलो.

मग बसून पाहिलं, अंगणाच्या मधोमध, ओट्यापासून लांब. दोन्ही पायांचे चवडे टेकले. डावा हवा तर पूर्ण. ते पाहून डोमाजी भाऊ गाडीच्या टाकीवर हात फिरवत राहिले. त्यांना दिसत कमी होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला दिसलं. मग म्हणाले, "आवाज तोच ठेवजा हो."

गुरुवार, धानोरा

सकाळी निघालो. पुढं मी, मागं त्याच्या गाडीवर लंगडा जब्बार. सागाची पानं गळून रस्ताभर पसरलेली, मोहाचा वास, आणि बरगड्यांशी नाही तर मांडीखाली असलेली गाडी. एक नाला लागला. रेतीत चाक डगमगलं, मी दोन्ही पाय खाली टाकले आणि पायानं ढकलत पार झालो. पलीकडं जाऊन ओरडलोच. कोणी ऐकलं नसेल तर माकडांनी ऐकलं.

पहिल्या गावात झोपडीसमोर डोमाजी भाऊंचा दगड दिसला. मी मुद्दाम त्याच्यापासून चार हात दूर, रस्त्यात थांबलो. गाडीचा आवाज ऐकून एक म्हातारी पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली.

"डोमाजी नाई का?" तिनं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"त्यांनी सोडली, आजी. आता गाडी माझी."

"मंग दगड सोडून तिकडं काऊन थांबला? रोज झाडून ठेवते मी. आज येईल, उद्या येईल म्हनून."

"माझे पाय टेकतात, आजी. पाहा."

"टेकत असतीन," ती म्हणाली. "इथी अजून बेस टेकतीन. ये."

दगड खरोखरच झाडलेला होता. आजूबाजूला पाचोळा, त्याच्यावर एक पान नाही. डोमाजी भाऊ गाडी सोडून तीन महिने झाले होते. मला वाटायचं, दगड म्हणजे बुटक्याला दिलेली मदत. तो तर माणसाची राखून ठेवलेली जागा होती. मी गाडी पुढं घेतली, डावा पाय दगडावर ठेवला आणि पाणी प्यालो.

धानोऱ्याच्या वर्गाच्या फाटकात उसेंडी बाई उभ्याच होत्या. मी त्यांच्यासमोर थांबलो, पाय टेकले, स्टँड लावला. गाडी पडली नाही.

"हीच का तुमची गाडी?"

"हो," मी म्हणालो. मग राहवलं नाही. "कालपासून. शनिवारी नव्हती, बाई. खोटं बोललो."

"माहीत हाय मले. गाडीवाला मानूस पेटी डोक्यावर घेऊन एसटीतून उतरत नाई. शनिवारी मी मागंच उभी होती बस स्टँडवर."

"मग गुरुवार कशाला दिला?"

"म्हटलं पाहू, हा मानूस आनते का बहाना करते." त्यांनी गादी चाचपली, कापलेला स्टँड पाहिला, माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. "चला, सात नंबरची मशीन धागा तोडून राह्यली."

सात नंबर दुरुस्त केली, मग तीन नंबरची, मग नऊ नंबरची. तीन मशिनींच्या जाळ्यांवर ठोकळे बसवले. निघताना बाई फाटकापर्यंत आल्या. काम मिळालं की नाही हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची मला हिंमत नव्हती. मी किक मारली. त्या खाली मातीकडं पाहत होत्या.

"पावसाळ्यात इथी लय चिखल होते, नसीरभाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी एखादा दगड टाकून ठेवू का?"

सोमवारी कोणी हे म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडलो असतो.

"ठेवा, बाई," मी म्हणालो. "चपटा पाहून ठेवा."